मोजणीतून वगळलेल्या काकू

"वहिनी, तू ते शोधनिबंध वाचतेस, की नुसते त्यांचे स्वल्पविराम तपासतेस?"

नणंदेने व्हिडिओ फोनवर हे विचारलं तेव्हा तिच्या नाकावर मास्कचा लालभडक वळ दिसत होता. ती एका मोठ्या रुग्णालयात साथीच्या वॉर्डात डॉक्टर होती. ड्यूटी संपली की रुग्णालयाच्या मागच्या जिन्यात बसून ती दोन मिनिटं भावाच्या घरी फोन लावायची, पाच वर्षांच्या भाचीचं तोंड बघायची आणि मग झोपायला जायची.

"त्या थेंबांचा नाद सोड," ती म्हणाली. "आमच्याकडे थेंब घेतलेली माणसं रोज येतात. आणि सगळी उशिरा येतात."

हे वहिनीला फार झोंबलं. सगळी इमारत तिला वहिनीच म्हणायची, म्हणून आपणही तेच म्हणू. "अगं, तू एक वॉर्ड बघतेस. मी जगभरचं रिसर्च बघते," असं फटकारून तिने फोन लेकीच्या हातात दिला आणि विषय तिथेच संपवला.

वहिनीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ती विज्ञानाची पदवीधर. शास्त्रीय नियतकालिकं छापायला तयार करून देणाऱ्या एका कंपनीचं काम ती घरी बसून करायची. प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी संदर्भांची यादी असते, कोणाच्या कोणत्या निबंधाचा आधार घेतला त्याची. ती यादी नीट लावणं हे वहिनीचं काम. नाव, साल, अंक, पान. संगणकात एक सोय होती: संदर्भ बरोबर जुळला की शेजारी हिरवी खूण यायची, नाही जुळला तर लाल. हिरवी आली की पुढे सरकायचं. वहिनीचा हात ह्या कामात इतका बसला होता की लेकीला जेवण भरवता भरवता तिने कित्येक निबंधांच्या शेपट्या सरळ केल्या होत्या.

साथ येण्याआधी हे काम शांत होतं. लेखकाने निबंध पाठवायचा, त्या विषयातल्या दोघा-तिघा जाणकारांनी तो तपासायचा, शंका काढायच्या, लेखकाने कुरकुरत दुरुस्त्या करायच्या, आणि वर्ष उलटता उलटता निबंध छापून यायचा. साथ आली आणि सगळ्या जगाच्याच अंगात आलं. सकाळी लाल शिक्क्याचा 'तातडीचा' निबंध यायचा आणि संध्याकाळी जगापुढे जायचा. कित्येक तर कोणीही न तपासता, कच्चे मसुदे म्हणूनच इंटरनेटवर टांगले जायचे. दातांचे डॉक्टर साथीवर लिहू लागले, मातीचे अभ्यासक साथीवर लिहू लागले. मधमाश्यांवर हयात घालवलेल्या एका गृहस्थांनीही साथीला हात घातला. जो लिहील त्याचं छापून येत होतं, आणि छापून आलं की टीव्हीवर जात होतं.

ह्या लोंढ्यात एक निबंध वहिनीला पुन्हा पुन्हा भेटायचा. नाकात सोडायच्या थेंबांचा. सर्दीवर वर्षानुवर्षं मिळणारं ते साधंसं औषध. पण त्या निबंधाचं म्हणणं असं की रोज सकाळ-संध्याकाळ ते नाकात सोडलं की साथीचा आजार शंभर टक्के बरा. ज्या-त्या यादीत तो निबंध. ज्या-त्या वेळी हिरवी खूण. आधी चार ठिकाणी, मग दहा, मग चाळीसच्या वर.

वहिनी त्या दिवसांत भीतीने अर्धी झाली होती. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायची, दाराची कडी कोपराने उघडायची, लेक झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची. अशा माणसाला चाळीस हिरव्या खुणा म्हणजे चाळीस देवमाणसं पाठीशी उभी असल्यासारखं वाटतं. तिलाही वाटलं.

त्या निबंधाचे लेखक म्हणजे थेंबवाले डॉक्टर. दर रविवारी संध्याकाळी ते इंटरनेटवरून सभा घ्यायचे. इमारतीच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी आपला टीव्ही तळमजल्याच्या खिडकीत, अंगणाकडे तोंड करून ठेवला होता. खाली सगळ्यांनी अंतर राखून खुर्च्या मांडायच्या आणि मास्क लावून दर्शन घ्यायचं. हो, दर्शनच. पांढरा कोट, मागे पुस्तकांची भिंत, आवाज असा की मधात घोळून काढलेला.

"मी कोण?" ते विचारायचे. "मी कोणीच नाही! मी बोलत नाही, आकडे बोलतात! आकडे कोणाची भीड धरत नाहीत, कोणाकडून पाकीट घेत नाहीत! बोला, किती टक्के?"

"शंभर!" अंगण म्हणायचं.

"म्हणजे शंभरातले किती?"

"शंभर!"

"मी म्हणतो म्हणून नका मानू हं! विज्ञान म्हणतं म्हणून माना!"

पूर्वीचे बुवा हवेतून अंगठी काढायचे, ह्या बुवांनी हवेतून तक्ता काढला. त्यांच्या खांद्यामागून तो तक्ता वर येऊ लागला की अध्यक्ष खुर्चीतून उठून हात जोडायचे. विज्ञानाला नमस्कार केलेला चालतो की नाही, ह्याबद्दल त्यांच्या मनात जरा गोंधळ होता. पण कोणाकडे बघून का होईना, हात जोडलेले बरे, असा त्यांचा हिशेब.

सभा संपली की माना वहिनीच्या खिडकीकडे वळायच्या.

"काय वहिनी, खरं ना हे? तुम्ही तर त्यातल्याच!"

आणि वहिनी, लेकीला कडेवर घेऊन, वरून सांगायची, "आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या निबंधात ह्याचा आधार घेतलेला असतो. चाळीस तर मीच मोजलेत. जगभरातून."

झालं. शिक्का बसला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापुढे रांग. दुकानदार म्हणायचा, "वहिनींच्या इमारतीतले का? तुमच्यासाठी बाजूला ठेवल्यात बाटल्या." सर्दीचे ते थेंब, पण लोक दोन हातांनी धरून घरी न्यायचे.

ह्या इमारतीत, वहिनीच्या भिंतीला भिंत लावून, शिवणकाकू राहायच्या. एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा दूरदेशी. कपडे शिवून पोट भरायच्या आणि शिवण नसेल तेव्हा वहिनीच्या लेकीला, बबडीला, सांभाळायच्या. बबडीच्या बाहुलीला जितके फ्रॉक होते तितके बबडीलाही नव्हते. काकूंची जीभ मात्र सुईपेक्षा टोकदार. थेंबवाल्या डॉक्टरांना पहिल्यांदा टीव्हीवर बघून त्या म्हणाल्या होत्या, "मेल्याचा कोट किती कडक इस्त्रीचा! आजारी माणसाला कधी हात लावलाय की नाही ह्याने?"

"काकू, ते संशोधक आहेत," वहिनी म्हणाली होती.

"असतील बाई. तू म्हणतेस तर असतील."

पुढे काकूंना ताप आला. दाराच्या फटीतून त्या बोलल्या, "आत नको येऊस पोरी, बबडी आहे तुझ्याकडे. जरासं अंग तापलंय. ती बाटली दे उंबऱ्यात ठेवून, म्हणजे झालं."

"काकू, तपासणी करून घ्यायची का?" वहिनीने विचारलं खरं.

"कशाला? तिथे रांगेत उभं राहून नसलेलं घेऊन यायचं. तुझे चाळीस साहेब काय म्हणतात?"

"शंभर टक्के म्हणतात."

"मग?"

वहिनीने बाटली उंबऱ्यात ठेवली. वर कागदावर वेळा लिहून दिल्या, खाली हसरा चेहरा काढला. तिला बरं वाटलं. फार दिवसांनी आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो, असं वाटलं. नणंदेला फोन करावा असंही एकदा मनात आलं, पण ते स्वल्पविरामांचं बोलणं अजून सलत होतं. कशाला उगाच!

त्यानंतर भिंतीपलीकडून शिवणयंत्राचा आवाज यायचा. वहिनी कान देऊन ऐकायची. आवाज आहे म्हणजे काकू ठीक आहेत. पुढे पुढे तो तुटक येऊ लागला. चार टाके, मग शांतता. पुन्हा चार टाके. "नाजूक काम असेल," नवरा म्हणाला. वहिनीनेही मान डोलावली. दारातून विचारलं की काकूंचं उत्तर ठरलेलं, "मस्त आहे. तू तुझी पोर बघ."

एका दुपारी कामावर एक नवा निबंध आला आणि त्याच्या यादीत, थेंबांच्या त्या ओळखीच्या संदर्भापुढे, लाल खूण लागली.

लेखकाने शीर्षक चुकवलं होतं, एवढंच. कंपनीचा नियम असा की लाल खूण आली तर मूळ निबंध उघडायचा आणि बघून दुरुस्त करायचा. वहिनीने उघडला. चाळीसहून जास्त वेळा ज्याची नाव-साल-पानं तिने सरळ केली होती, तो निबंध ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती.

पहिल्याच पानावर, वर, ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: हा कच्चा मसुदा आहे. तज्ज्ञांनी तपासलेला नाही. रुग्णांवरील उपचारांसाठी ह्याचा आधार घेऊ नये.

ती खाली सरकली. तो प्रसिद्ध तक्ता आला. वीस रुग्णांना थेंब दिले, वीसच्या वीस बरे. शंभर टक्के. तक्त्याच्या पायाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. औषध एकोणतीस जणांना दिलं होतं. त्यातल्या नऊ जणांनी 'उपचार अर्धवट सोडल्यामुळे' त्यांना मोजणीतून वगळण्यात आलं.

अर्धवट का सोडले? ते आणखी खाली, शेवटच्या पानावर. सहा जणांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. दोघं दगावले. एकाला थेंब झोंबायचे म्हणून त्याने बंद केले.

ज्याला गुण आला नाही, त्याला मोजणीतूनच काढलं होतं. उरले ते सगळे बरे झालेले. कसे होणार नाहीत?

मग तिने बाकीचे निबंध उघडायला घेतले, एकामागून एक. कोणी त्या मसुद्याचा आढावा घेतला होता, कोणी त्या आढाव्याचा आढावा. एकाने दहा अभ्यासांची सरासरी काढली होती, आणि त्यातल्या बहुतेकांमध्ये फिरून फिरून तेच वीस रुग्ण होते. एखाद्या नाटक कंपनीचे तेच नट टोपी बदलून पुन्हा रंगमंचावर यावेत तसे. कोणी फक्त 'असं आढळून आलं आहे' म्हणून पुढे गेला होता. एका नियतकालिकाने थेंबांवरचा निबंध आला त्याच दिवशी स्वीकारला होता. त्याच्या संपादक मंडळात खुद्द थेंबवाले डॉक्टर होते. आणि ज्याच्या-त्याच्या यादीत संदर्भ कसा सरळ! स्वल्पविराम जागच्या जागी! तो तिनेच लावलेला. हिरवी खूण एवढंच सांगत होती की असा एक निबंध आहे. तो खरा आहे, हे तिने आपल्या मनाने वाचलं होतं.

भिंतीपलीकडे सामसूम होती. किती वेळ होती कोण जाणे.

वहिनी लेकीला नवऱ्याकडे टाकून धावली. काकूंचं दार नुसतं लोटलेलं होतं. काकू यंत्रापुढच्या स्टुलावर बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून. ओठ जांभळे. तरी हसायला गेल्या.

"चुकवले नाहीत हो मी थेंब," त्या म्हणाल्या. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द. "माझंच काही... चुकत असेल."

"काकू, सांगितलं का नाहीत? मी रोज विचारत होते!"

"सगळ्यांना लागू पडतंय... आणि मलाच नाही... असं कसं सांगू? लाज वाटली गं." मग जरा थांबून, "आणि तुझं नाव... वाईट झालं असतं."

वहिनीने नणंदेला फोन लावला. तिला वाटलं होतं, आता ऐकून घ्यावं लागेल. नणंदेने तो विषयच काढला नाही. "ऑक्सिजन मोजायचं बोटाचं यंत्र आहे? लाव. आकडा सांग." वहिनीने सांगितला. "पालथं झोपव त्यांना. गाडी पाठवते. खिडकी उघड. आणि वहिनी, रडू नको, त्या घाबरतील."

गाडी आली तेव्हा काकू वहिनीकडे बघून पुटपुटल्या, "त्या अध्यक्षीणबाईंचा ब्लाउज... बाही राहिली आहे." मग दार लागलं.

त्या रविवारी अंगणात पुन्हा सभा भरली. वहिनी वरच्या खिडकीत नव्हती, खाली उभी होती, एका कोपऱ्यात. काकूंना ऑक्सिजनवर ठेवलं होतं. काय होईल ते नणंदही सांगत नव्हती.

अध्यक्षांनी सभेतल्या प्रश्नांच्या चौकटीत, दोन बोटांनी टकटक करत, प्रश्न पाठवला: आमच्या शेजारच्या बाई थेंब घेऊनही रुग्णालयात गेल्या, हे कसं? आणि काय नशीब, डॉक्टरांनी तो वाचला.

"छान प्रश्न!" मध पाझरला. "मला सांगा, बाईंनी कोर्स पूर्ण केला का?"

"नाही," अध्यक्ष टीव्हीला म्हणाले, जणू टीव्हीला ऐकू जात होतं.

"नसणारच! मध्येच सोडला ना? रुग्णालयात गेल्या ना? मग त्या आमच्या औषधाच्या रुग्णच नव्हेत! त्यांना धरायचंच नाही! राहिले ते किती टक्के?"

"शंभर!" म्हणून अंगण गरजलं. इतक्या उघड उघड, इतक्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्या माणसाने काकूंना खोडून टाकलं होतं, आणि लोक टाळ्या वाजवत होते. ह्या टाळ्या तिनेच वाजवायला शिकवल्या होत्या.

"अध्यक्ष, तो टीव्ही बंद करा," ती म्हणाली.

"अहो वहिनी, आता तक्ता येईल!"

"बंद करा. मी तुम्हाला त्याच्याहून मोठा चमत्कार दाखवते. पोरांना बोलवा. आपापला पेला घेऊन या म्हणावं."

पोरं काय, दोन महिने घरात कोंडलेली. उड्या मारत आली. दहा जण. वहिनीने लांबून प्रत्येकाच्या पेल्यात चमचाभर साखरपाणी ओतलं. अंगणाच्या टोकाला बादली ठेवली आणि रबरी चेंडू हातात घेतला.

"हे साधं पाणी नाही," ती घोषणा करावी तशी म्हणाली. शब्द बरोबर मधातले निघाले. "हे पिऊन जो नेम धरेल त्याचा चेंडू बादलीत पडणारच. मी नाही म्हणत, आकडे म्हणतात!"

कोणीतरी हसलं. पोरांनी पाणी पिऊन चेंडू टाकायला सुरुवात केली. पहिल्याचा चुकला. "तू उपचार अर्धवट सोडलास," वहिनी म्हणाली, "जा जिन्यामागे." दुसरीचा पडला. "तू इथे थांब." तिसऱ्याचा चुकला, जिन्यामागे. बबडीचा तर बादलीच्या आसपासही गेला नाही, तिलाही जिन्यामागे. असं करत करत अंगणात तिघंच राहिली.

"मोजा अध्यक्ष. अंगणात आहेत ती किती?"

"तीन."

"तिघांतल्या किती जणांनी चेंडू बादलीत टाकला?"

"तिघांनी."

"किती टक्के?"

अध्यक्षांच्या तोंडातून सवयीने "शंभर" निघालं, आणि तेवढ्यात बबडी पाय आपटत जिन्यामागून बाहेर आली.

"आई, हे काय गं? मी पण प्यायले होते ना पाणी! मला का नाही मोजलं?"

कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. अंगणातल्या प्रत्येकाने मनातल्या मनात काकूंच्या बंद दाराकडे बघितलं.

अध्यक्षांनी मास्क नीट केला, पुन्हा नीट केला. "पण वहिनी, चाळीस निबंध? चाळीस माणसं कशी चुकतील?"

"तुम्हाला कोणी सांगितलं की थेंब चांगले?" वहिनीने समोरच्या बाईंना विचारलं.

"अध्यक्षांनी."

"तुम्हाला?"

"ह्या बाईंनी."

"आणि तुम्हाला, दादा?"

"दुकानदाराने. तो म्हणाला, वहिनींची इमारत घेते."

"अध्यक्ष, तुम्हाला?"

"तुम्हीच की, वहिनी."

"बघा, किती साक्षीदार झाले. आणि सांगणारी एकटी मी. त्या चाळीस निबंधांचंही असंच आहे. सगळे एकमेकांचं ऐकून सांगताहेत, आणि सगळ्यांच्या तळाशी एकच मसुदा, त्यात वीस माणसं. नऊ जिन्यामागे."

"पण तुम्ही तर तो निबंध वाचला होता ना?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. तरी तिला जमिनीत शिरावंसं वाटलं. लेक तिच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "मी त्याचं नाव तपासलं होतं. वाचला नव्हता."

"म्हणजे काकूंना तुम्हीच..." कोणीतरी मागून म्हणालं आणि वाक्य अर्ध्यावर सोडलं.

"हो. मीच."

त्यापुढे ती काय बोलली ते फार थोडं आहे. थेंब घरात असतील तर सर्दीला वापरा, ताप आला तर तपासणी करा, बोटाचं यंत्र सोसायटीने घ्यावं आणि घरोघर फिरवावं. आणि इथून पुढे कोणीही, अगदी तिने स्वतःसुद्धा, 'रिसर्चने सिद्ध झालंय' असं म्हटलं तर तीन प्रश्न विचारल्याशिवाय सोडू नका. औषध किती जणांना दिलं होतं? शेवटी किती जणांना मोजलं? आणि मधले कुठे गेले? ह्याला पदवी लागत नाही. बबडीलाही जमलं.

त्याने सगळे शहाणे झाले असं मात्र नाही. काही जण पुढच्या रविवारी दुसऱ्या इमारतीत जाऊन सभा बघून आले. दुकानदाराने बाटल्या आतल्या फळीवर ठेवल्या, पण मागेल त्याला दिल्या. कित्येक महिन्यांनी तो मूळ मसुदा मागे घेतल्याची दोन ओळींची सूचना निघाली, आणि ज्यांनी त्याचा आधार घेतला होता ते निबंध होते तिथेच राहिले. वहिनीच्या कामात अजूनही तो संदर्भ येतो. आता हिरवी खूण आली तरी ती थांबते आणि लेखकाला लिहून पाठवते, "हा निबंध मागे घेतलेला आहे. ठेवायचा का?" काही जण आभार मानतात. एकाने लिहिलं होतं, "राहू दे. काढला तर यादी लहान दिसेल."

काकू घरी आल्या. बरं झालं म्हणवत नाही, पण आल्या. जिना चढताना त्यांना प्रत्येक मजल्यावर बसावं लागतं. यंत्र पायाने चालवायचं म्हटलं की छाती भरून येते, म्हणून आता फक्त हातशिलाई. वहिनीने माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या कोटवाल्याला मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण तुला ओळखत होते ना गं मी. म्हणून घेतले थेंब."

काकूंचं रडणं वहिनीला परवडलं असतं. एखादी शिवी तर फारच बरी वाटली असती. हे वाक्य मात्र तिला अजून कुठे ठेवावं कळत नाही.

वाचणाऱ्यांकडे तिचं मागणं एवढंच आहे. तुम्हीही त्या दिवसांत, किंवा काल-परवा, कोणाला तरी काही सांगितलं असेल. एखादा काढा, एखादी गोळी, एखादा डॉक्टर, कुठूनसं आलेलं 'सिद्ध झालेलं' काहीतरी. प्रेमापोटीच सांगितलं असेल. ज्यांना गुण आला ते आपणहून येऊन सांगून गेले असतील, आणि तुम्हालाही वाटलं असेल की सगळ्यांनाच आला. ज्यांना नाही आला ते येत नाहीत. त्यांना लाज वाटते, किंवा तुमचं मन मोडवत नाही, किंवा दारापर्यंत येण्याइतका श्वास उरलेला नसतो. त्यांच्याकडे आपल्यालाच जावं लागतं.

तुम्ही कोणाला सांगितलं होतंत ते आठवा. आठवलं ना? मग हे वाचणं बाजूला ठेवा, त्यांचं दार वाजवा आणि विचारा, "खरं सांगा, कसे आहात?" आणि "मस्त" म्हणाले, तर दार उघडून तोंड दाखवा म्हणावं.